पडद्यावरचा जास्तीचा डोळा

“दिसला! अगं बाई, तोच! तोच आहे!”

पहिली आरोळी पुढच्या रांगेतून उठली आणि बघता बघता सगळ्या गोदामभर पसरली. शिलाई कारखान्याचं तयार मालाचं गोदाम ते. एरवी तिथं शर्टांची खोकी छताला टेकलेली असायची. त्या रविवारी दुपारी खोकी भिंतींकडे लोटून तीनशे माणसं दाटीवाटीनं बसवली होती. खिडक्यांना काळे पडदे, समोर ताणलेलं पांढरं कापड आणि कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा. त्या कोऱ्या कापडावर कुणी काही रंगवलं नव्हतं, कुठून झोतही पडत नव्हता. तरी बारा दिवसांपूर्वी बॉयलर फुटून मेलेला कटिंगमास्तर तिथं सगळ्यांना दिसत होता. रुंद कपाळ, मधोमध भांग, शर्टाची ताठ कॉलर.

“इकडं बघतायत! माझ्याकडंच बघतायत!” एक बाई ओरडली.

“माझ्या हातावर आले!” दुसरी तळहात पसरून रडायला लागली. “बघा, हातावर!”

मास्तरची बायको, जिला सगळा कारखाना मास्तरीण म्हणायचा, दोन्ही हात पुढे करून कापडाकडे धावली. ती पोचेपर्यंत चेहरा विरघळून गेला. तिनं कापडावर डोकं टेकवलं आणि असा हंबरडा फोडला, की दगडालाही पाझर फुटावा.

बाजूच्या चौरंगावर त्रिनेत्रबाबा डोळे मिटून बसले होते. कपाळावर मधोमध उभा लाल डोळा रंगवलेला, बोटांत पाच अंगठ्या, समोर माइक.

“रडू नका,” ते म्हणाले. “हे दोन डोळे दिलेत ते भाजी निवडायला आणि सुई ओवायला. तिसरा डोळा जन्मतःच प्रत्येकाला मिळालेला आहे, पण झाकण लावून. आम्ही काय करतो? फक्त झाकण काढतो. विज्ञान जिथं दमून बसतं ना, तिथून आमची पहिली पायरी सुरू होते. कुणाला शंका आहे?”

कुणालाच नव्हती. सगळ्यात मागे, दाराला लागून बसलेल्या रिटचिंगवाल्या काकांनाही शंका विचारायचा धीर नव्हता. कारण काकांनाही मास्तर दिसला होता. अगदी स्पष्ट दिसला होता.

काकांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओत निगेटिव्ह दुरुस्त केल्या होत्या. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून दिवा, वरून भिंग. कुणाच्या गालावरचा मुरूम पेन्सिलीनं घालवायचा, कुणाच्या विरळ भुवया ब्लेडच्या टोकानं खरवडून दाट करायच्या. त्या कामात बोलावं लागत नसे, म्हणून ते त्यांना मानवलं. उरलेला वेळ पुस्तकांत गेला. स्वतःवर मात त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे आणि कोपऱ्यावरून परत फिरून चौथ्यांदा. आता स्टुडिओ पुतण्या चालवत होता. त्यात झेरॉक्स होती, पासपोर्ट फोटो होते आणि भिंतभर फ्लेक्स छापणारं यंत्र होतं. काका मागच्या खोलीत जुन्या निगेटिव्हच्या कपाटापाशी बसून वाचत.

त्या संध्याकाळी त्यांनी पुतण्याला विचारलं, “तुला काय वाटतं रे? ते खरं असेल?”

“काका, तुम्हाला दिसलं ना?”

“दिसलं.”

“मग झालं तर! स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा तुम्हाला पटत नाही. पुस्तकं वाचून वाचून ही गत झाली तुमची.”

 पुस्तकांत तिसऱ्या डोळ्याबद्दल काकांनी वाचलं होतं, पण ते काही वेगळंच होतं. तिथं तो डोळा आत वळलेला होता. आपला राग उठताना आपल्याला दिसावा, आपला लोभ सरपटत येताना दिसावा, म्हणून माणसानं जागं ठेवायची ती जाण होती. मेलेल्या माणसाला कापडावर बोलवायचं काम त्या डोळ्याला कुणी सांगितल्याचं त्यांना आठवेना. पण आपलंच वाचन अपुरं असेल, असंही वाटत राहिलं. आणि एक गोष्ट मनात कुसळासारखी रुतून बसली. मास्तरचा चेहरा दिसत असताना त्यांनी मान खाली घातली होती, तर चेहरा त्यांच्या धोतरावर आला होता. छताकडे पाहिलं, तर छतावर. मेलेला माणूस त्यांच्या नजरेला बांधल्यासारखा का फिरत होता?

निघताना बाबांनी शेवटचं वाक्य टाकलं होतं, तेही काकांच्या कानातून जाईना. “पुढच्या रविवारी मास्तर एकटा यायचा नाही. ज्यानं त्याला उकळत्या वाफेत लोटलं, त्याचं तोंड तुम्हाला दाखवील. मग तुम्ही आणि तो!”

बुधवारी बॉयलरचा मेकॅनिक झेरॉक्स काढायला आला. वीस वर्षांपूर्वी लोखंडाची कपची उडून त्याचा डावा डोळा गेला होता. तिथं आता उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा गोळा होता. सगळा कारखाना त्याला एकदिव्या म्हणायचा. तोही हाकेला ओ द्यायचा. ओठांवर मात्र अशा मिशा, की सायकलीचं हँडल लाजावं.

“सोमवारी सरकारी इन्स्पेक्टर येतोय, काका,” तो म्हणाला. “सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल मालकाला तीन अर्ज दिले होते मी. तिन्हींच्या प्रती त्याच्या हातात ठेवणार. काय व्हायचं ते होऊ दे.”

पुतण्यानं कागद यंत्रावर ठेवता ठेवता वाचले. काकांनी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांना त्या वेळी लागला नाही.

“रविवारी तू त्या गोदामात जाणार आहेस का?” काकांनी विचारलं.

“मी? हा एक डोळा सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, तिसरा कुठून पाळू? मी बॉयलरखोलीत असेन. फुटलेल्या नळ्या मोजायच्यात.” आणि तो हसत निघून गेला.

रविवार आला. या वेळी गोदामात उभं राहायलाही जागा नव्हती. पहिल्या रांगेत मालक. त्याच्या शेजारी मास्तरीण. आठवडाभर अन्नपाण्याला शिवली नसावी, अशी दिसत होती. मांडीवर नवऱ्याची कापड कापायची मोठी कात्री. “वापरातली वस्तू आणा, आत्मा ओढला जातो,” असं बाबांनीच सांगितलेलं.

दार बंद झालं. ढोल वाजू लागले. मग बाबांच्या मागचा पुरुषभर उंचीचा चौकोन उजळला. बाबा त्याला ज्ञानयंत्र म्हणत. आत झगझगीत दिवे आणि पुढे काळ्यापांढऱ्या डागांचं काहीतरी विचित्र चित्र. त्यावर गोल गोल रेघा आणि बरोब्बर मधोमध एक लाल टिकली.

“टिकलीकडे बघा!” बाबा गरजले. “पापणी हलवायची नाही. तीस श्वास मोजा. हे बाकीचं जे दिसतंय ती माया आहे, भुलभुलैया आहे. ज्याची नजर टिकलीवरून ढळेल, त्याचे आहेत ते दोन्ही डोळे जातील. मग आमच्याकडे येऊ नका!”

तीनशे माणसांनी डोळे ताणले. मागच्या रविवारी काकांनीही हेच केलं होतं.  डोळे गेले तर? वाचायचं कसं? उरलेलं आयुष्य भिंतीकडे तोंड करून काढायचं? बारा श्वास झाले. तेराव्याला काकांनी नजर टिकलीवरून सोडवली आणि त्या मायेकडे पाहिलं.

डोळे गेले नाहीत. उलट, चाळीस वर्षांची सवय जागी झाली. इतरांना जो भुताटकीचा डाग वाटत होता, ती काकांची रोजची भाकरी होती. काळ्याच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी काळं. ती निगेटिव्ह होती. माणसाएवढी मोठी करून छापलेली निगेटिव्ह! उजळ दिसतायत त्या मिशा. काळं दिसतंय ते कपाळ. आणि त्या दोन लख्ख जागा म्हणजे डोळे. त्यातला एक खऱ्या माणसाचा होता. दुसरा बटणासारखा गोल होता, जरा जास्तच गोल.

ती गोलाई काकांना ओळखीची वाटली. 

एवढ्यात ज्ञानयंत्र विझलं, कोपऱ्यातला दिवा लागला. “कापडाकडे बघा!”

कापडावर चेहरा फुलला. तीनशे तोंडांतून एकच हुंकार निघाला.

“मिशा! मिशा दिसतायत!”

“कोण आहे हा?” बाबांचा आवाज घुमला. “आगीशी कुणाचा रोजचा संबंध? वाफ कुणाच्या मुठीत? मी नाव घेणार नाही. तुमचा तिसरा डोळा सांगेल!”

“एकदिव्या!” कुणीतरी किंचाळलं. “एकदिव्याच आहे हा!”

“त्यानंच मारलं!”

मास्तरीण उठली. तिच्या हातात कात्री होती. दार धाडकन उघडलं आणि सगळी गर्दी बांध फुटल्यासारखी बॉयलरखोलीकडे धावली. धक्क्यानं काका भिंतीवर आपटले. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पडण्याआधी नेहमीची शंका आडवी आली. इतक्या लांबून पाहिलं आपण, तेही या जुन्या चष्म्यातून. चूक झाली असेल तर? तीनशे माणसांना खोटं ठरवायचं आणि नंतर आपणच खोटे निघायचं?

काका स्टुडिओकडे धावले. धावले म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तसे. कपाट उघडलं. मेकॅनिकचं पाकीट जागेवर होतं, आत काही नव्हतं. मास्तरचं पाकीट, तेही रिकामं. त्यांनी यंत्राशेजारच्या स्कॅनरचं झाकण उचललं. काचेवर दोन्ही निगेटिव्ह शेजारी शेजारी पडल्या होत्या. टेबलाखाली छापलेल्या फ्लेक्सचे कापून काढलेले काठ. ज्ञानयंत्राचे दिवे कोण लावत-विझवत होतं, तेही काकांना कळलं. पुतण्या सकाळपासून दुकानात नव्हता.

क्षणभर ते खुर्चीवर बसले. भावाच्या माघारी वाढवलेला मुलगा. मग लांबून एक आवाज आला, माणसाचा वाटू नये असा. काका निगेटिव्ह खिशात टाकून उठले.

बॉयलरखोलीपुढच्या अंगणात मेकॅनिकला पाण्याच्या जाड नळाला बांधला होता. शर्टाच्या चिंध्या झाल्या होत्या. इस्त्रीखात्यातल्या दोघांच्या हातात लोखंडी सळ्या होत्या आणि ते आळीपाळीनं मारत होते, गादी झोडपावी तसे. त्याच्या उजव्या हाताची बोटं भलत्याच दिशेला वळली होती. नाकातलं रक्त मिशांतून हनुवटीवर येत होतं. ज्या बाया रोज त्याच्याकडून डब्यासाठी गरम पाणी मागून न्यायच्या, त्याच त्याच्या केसांना धरून ओढत होत्या.

“बोल! का मारलंस मास्तरला?”

“व्हॉल्व्ह...” तो म्हणाला. त्याच्या तोंडावर चप्पल बसली.

बाबा पायरीवर उभे होते. “ज्या डोळ्यानं हा मरण बघत उभा राहिला,” ते संथपणे म्हणाले, “तो डोळा विझल्याशिवाय मास्तरला गती नाही. मी कुणाला काही सांगत नाही. आत्मा सांगतोय.”

दोघांनी मेकॅनिकचं डोकं नळावर दाबून धरलं. मास्तरीण पुढे झाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. तिनं कात्रीचं टोक त्याच्या उजव्या, एकुलत्या एक धड डोळ्याकडे नेलं. तो हिसका देऊन वळला. टोक भुवईतून कानशिलापर्यंत फाडत गेलं. अंगणभर किंकाळी घुमली. रक्तानं त्याचा डोळा भरला.

“थांबा!”

काका गर्दीत घुसले. कुणाचं कोपर त्यांच्या तोंडावर बसलं, दात तुटून जिभेवर आला. चष्मा पडला आणि कुणाच्या तरी टाचेखाली चुरला. ते हातापायांवर रांगत पुढे सरकले. नळापाशी पोचून त्यांनी मास्तरणीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

“पोरी, एकच सांग. मग हवं ते कर. कापडावर दिसला त्याला डोळे किती होते?”

“सोडा मला, काका.”

“किती होते?”

“दोन!” मागून कुणीतरी ओरडलं. “स्पष्ट दिसले! दोन टपोरे डोळे, आमच्याकडं रोखून!”

“दोन ना? सगळ्यांना दोनच दिसले?” तोंडातलं रक्त थुंकत काकांनी विचारलं. आपला आवाज इतका मोठा निघतो, हे त्यांनाच नवीन होतं.

“दोन! दोन!” पंधरा-वीस आवाज उठले.

“आता ह्याच्याकडे बघा.”

मारणारे हात थांबले. मेकॅनिकचं रक्ताळलेलं तोंड वर उचललं गेलं. डावीकडचा पांढरा गोळा सगळ्यांकडे कोरा बघत होता. वीस वर्षं ज्या माणसाला एकदिव्या म्हणून हाक मारली, त्याला एकच डोळा आहे, हे त्या अंगणाला आत्ता आठवलं.

ज्यानं पहिल्यांदा एकदिव्या म्हणून बोंब ठोकली होती, तो मागे सरकला.

“आत्म्याच्या पातळीवर देह परिपूर्ण असतो!” बाबा घाईनं म्हणाले. “तिथं लंगडा लंगडा नसतो, काणा...”

“तो डोळा परिपूर्ण नाही,” काका म्हणाले. “फार गोल आहे. अख्खा डोळा घडवायची माझी ती पहिलीच वेळ होती.” त्यांनी खिशातून निगेटिव्ह काढली आणि आभाळाकडे धरली. “वीस वर्षांपूर्वी हा माझ्याकडे आला. लग्नासाठी फोटो पाठवायचा होता. म्हणाला, काका, फोटोत तरी दोन डोळे असू द्या. मी ब्लेडनं पांढरा गोळा खरवडला, बुबुळ केलं, पेन्सिलीनं कडा भरल्या. तो डोळा ह्या माणसाला कधीच नव्हता. जगात तो एकाच ठिकाणी आहे, ह्या तुकड्यावर. तुम्हाला मास्तरचा आत्मा दिसला नाही. माझी चूक दिसली तुम्हाला. तिच्यापायी ह्याला मारताय.”

“खोटं आहे!” मालक मागून ओरडला. “म्हातारा भ्रमिष्ट झालाय!”

“झालो असेन,” काका म्हणाले. त्यांना ते खरंच शक्य वाटत होतं. “म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. गोदामात चला, ते यंत्र उघडा आणि बघा.”

मास्तरणीनं कात्री खाली सोडली. ती दगडावर पडली तेवढाच आवाज झाला. मग ती वळली आणि गोदामाकडे चालू लागली. तिच्यामागे बाया, मग सगळे. काकांनी दोर सोडला. मेकॅनिक त्यांच्या अंगावर पोत्यासारखा कोसळला. कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवरच्या दोन पोरी मागे राहिल्या होत्या. त्यांनी ओढण्या फाडून त्याची भुवई बांधली आणि हातगाडी आणायला धावल्या. त्याला दवाखान्याच्या वाटेला लावून काका गोदामात गेले.

ज्ञानयंत्राचं कापड फाडलेलं होतं. आत सहा मोठे दिवे, पुढे फ्लेक्स, आणि मागे गुंडाळून उभा केलेला दुसरा फ्लेक्स, मागच्या रविवारचा. त्याच्या काठावर छापून आलेलं स्टुडिओचं नाव. पुतण्या तिथंच भिंतीला चिकटून उभा होता.

“काका, मालकांची ऑर्डर होती,” तो म्हणाला. “अर्जांचं मीच त्यांना सांगितलं, पण मला माहीत नव्हतं असं होईल. त्या उलट्या तोंडात मला काय कळतंय?”

“हा फ्लेक्स माझ्या दुकानात छापला गेलाय,” काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “निगेटिव्हही माझ्या कपाटातून गेल्या. आता दिवे लावा.”

दिवे लागले. “टिकलीकडे बघू नका. सगळं चित्र बघा. काळं ते पांढरं समजा आणि पांढरं ते काळं.”

हळूहळू ओळख पटत गेली. कुणी मिशा दाखवल्या, कुणी कान.

“डोळा एका जागी खिळवून लख्ख उजेड बघितला, की डोळ्याचा तेवढा भाग थकतो,” काका सांगू लागले. “मग पांढऱ्याकडे बघितलं, की थकलेल्या जागी काळं दिसतं आणि न थकलेल्या जागी पांढरं. निगेटिव्हचा फोटो तुमच्याच डोळ्यात धुतला जातो. म्हणून तो हातावर येतो, छतावर येतो. तो कापडावर नसतोच, तुम्ही जिथं बघाल तिथं असतो. तिसऱ्या डोळ्याचा ह्यात काही संबंध नाही. ही आपल्या ह्या दोन डोळ्यांचीच खोड आहे.”

 मग इस्त्रीखात्यातला एकजण म्हणाला, “म्हणजे ह्या भामट्यानं आपल्या हातून...” आणि हातातली सळी घेऊन तो बाबांकडे वळला.

काकांना वाटलं होतं, खरं कळलं की हात खाली येतील. तसं झालं नाही. त्याच सळ्या, त्याच चपला, तीच दातओठ खाल्लेली तोंडं. फक्त माणूस बदलला होता. बाबांच्या कपाळावरचा लाल डोळा पहिल्याच फटक्यात फुटला आणि खरं रक्त त्या रंगात मिसळलं. पुतण्याला दोघांनी गळ्याला धरून खाली पाडलं.

“अरे, पुन्हा तेच!” काका मधे पडले. “कुणीतरी बोट दाखवलं, की धावायचं! मघाशी त्यानं दाखवलं, आत्ता मी. मी सांगितलं म्हणून मारताय? मग तुमच्यात फरक काय पडला?” एक सळी त्यांच्या खांद्यावर बसली आणि ते गुडघ्यांवर आले. तरी त्यांनी बाबांच्या अंगावरून हात काढला नाही. म्हाताऱ्याला मारायला मात्र कुणाचा हात पुन्हा उचलला गेला नाही. पोलीस आले तेव्हा पुतण्याचा ओठ फाटला होता, बाबांच्या दोन बरगड्या गेल्या होत्या आणि मालकाची गाडी फाटकातून केव्हाच पसार झाली होती.

चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मेकॅनिकच्या डोळ्यावरची पट्टी सोडली. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.  आपण थेट बॉयलरखोलीत धावलो असतो तर? खात्री करायला दुकानात गेलो, त्या दहा मिनिटांत ह्याची बोटं मोडली.

सुजलेली पापणी हळूच उघडली. लाल, पाणावलेला डोळा इकडेतिकडे फिरला आणि काकांवर थांबला.

“काका,” मेकॅनिक पुटपुटला, “तुमचा पुढचा दात कुठं गेला?”

काकांनी ओठ उचलून रिकामी जागा दाखवली.

“नजर शाबूत आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “केसाएवढ्या अंतरानं वाचलाय.”

त्या गेल्यावर दारात मास्तरीण दिसली. बरोबर एक पोलीस बाई होती. मेकॅनिकनं तिला पाहिलं मात्र, प्लॅस्टरमधला हात झटकन डोळ्यावर आला. ती तिथंच थांबली.

“मी जवळ येत नाही, भाऊजी,” ती म्हणाली. “मला काकांना विचारायचंय.” मग काकांकडे वळून, “ते कसं करतात, मला करून दाखवा. मला एकदा नीट कळू दे, मी कशाच्या नादानं कात्री उचलली ते.”

काकांनी खिशातून मास्तरची निगेटिव्ह काढली. खिडकीच्या काचेला लावून धरली. “भुवयांच्या मधे बघ. हळूहळू चाळीस आकडे मोज. आता भिंतीकडे.”

दवाखान्याची पांढरी भिंत. ती कितीतरी वेळ बघत राहिली. 

“आहेत,” ती म्हणाली. मग, “गेले.” मग पदर तोंडात धरून, “काका, हे आत्मा नाहीत?”

“नाही, पोरी. हा फोटो आहे. थकलेल्या डोळ्यातला फोटो. तो काही सांगत नाही. कुणाचं नावही घेत नाही.”

ती खाली बसली. तिनं पलंगाकडे न बघता विचारलं, “मग भाऊजी, माझा माणूस मेला कशानं?”

मेकॅनिकनं हात डोळ्यावरून खाली घेतला. “वाफ जास्त झाली, की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफ सोडतो, वहिनी. वाफ सुटली की काम थांबतं. काम थांबायला नको म्हणून मालकानं तो तारेनं आवळायला लावला. मी तार तोडली, त्यांनी पुन्हा आवळली. मी अर्ज दिला, त्यांनी फाडला. बॉयलर फुटला तरी व्हॉल्व्ह अजून तिथंच पडलाय. तार तशीच आहे त्याच्यावर. ह्या भानगडीत इन्स्पेक्टरचा सोमवार हुकला, आता तो उद्या येणार आहे. त्याला दाखवायला माणूस पाहिजे. मला उठता येत नाही.”

“तार दिसते?”

“बोटाएवढी जाड आहे. जाता-येता कुणालाही दिसली असती. मला तर एकाच डोळ्यानं दिसली. पण बघायला कुणी आलं नाही, वहिनी. सगळे गोदामात बसले होते, डोळे ताणून.”

मास्तरीण उठली. पोलीस बाईला म्हणाली, “मला उद्या तिथं नेता येईल? मला ती तार स्वतः बघायचीय. हात लावून बघायचीय. आणि नाही दिसली, तर तेही तसंच सांगेन.”

पोलीस बाईनं मान डोलावली. जाता जाता मास्तरीण पलंगापाशी थबकली. मेकॅनिकनं या वेळी हात वर नेला नाही.